पाणवनस्पती आणि मुळांवरचे जीवाणू: धातुमिश्रित पाण्याची सफाई, पहिल्या नमुन्यापासून शेवटच्या राखेपर्यंत

घरगुती सांडपाण्यातला मैला जीवाणू खातात, त्याचा वायू होतो आणि तो हवेत निघून जातो. शिसे, कॅडमियम, निकेल किंवा क्रोमियम यांचे तसे होत नाही, कारण धातू हे मूलद्रव्य आहे आणि कोणतीही वनस्पती किंवा जीवाणू ते नाहीसे करू शकत नाही. पाणवनस्पती धातूची जागा तेवढी बदलतात: तो पाण्यातून मुळांत, मुळांवरच्या गंजाच्या थरात आणि तळाच्या गाळात जातो. म्हणून या कामाचा आराखडा शेवटापासून मांडावा लागतो. कापलेली झाडे कुठे जाणार हे ठरलेले नसेल, तर पहिले रोप लावू नये. दरवर्षी नद्यांमधून काढलेली जलपर्णी काठावरच ढीग घालून सोडली जाते आणि पहिल्या पावसात कुजून पुन्हा त्याच पात्रात उतरते. तिने वर्षभर मुळांत धरलेला धातूही तिच्याबरोबर परत जातो.

पुढील विवेचनासाठी एक उदाहरण धरू. एका लहान प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) कारखान्यात धातूचे भाग धुतलेले पाणी रोज 5 घनमीटर निघते. रासायनिक प्रक्रियेनंतरही त्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम निकेल उरते. भूपृष्ठावरील जलस्रोतांत सोडायच्या पाण्यासाठी निकेलची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 3 मिलिग्रॅम आहे, म्हणजे कागदावर हे पाणी चालण्याजोगे आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मात्र ही मर्यादा 0.02 मिलिग्रॅम आहे. ज्या ओढ्यात हे पाणी जाते त्याच्या काठी विहिरी असतील, तर पन्नास पटींचा हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. वनस्पतींचा वाफा उपयोगी पडतो तो नेमका याच टप्प्यावर, मुख्य प्रक्रियेनंतरची शेवटची गाळणी म्हणून.

पाण्याची तपासणी

नमुना चुकीचा घेतला तर पुढचे सगळे गणित चुकते, म्हणून इथे घाई करू नये. सौम्य नायट्रिक आम्लाने आणि नंतर शुद्ध पाण्याने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घ्यावा आणि त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) 2 च्या खाली आणावा. तसे न केल्यास धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अहवालात पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. षट्संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या अधिक विषारी रूपाचा, नमुना मात्र वेगळ्या बाटलीत, आम्ल न घालता आणि बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावा, कारण आम्लात त्याचे त्रिसंयुजी रूपांत परिवर्तन होऊ शकते आणि मग दोन्हींतला फरकच कळत नाही. विरघळलेला धातू किती आणि कणांना चिकटलेला किती हे समजण्यासाठी गाळलेला व न गाळलेला असे दोन नमुने द्यावेत. धातूंबरोबर सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू, सल्फेट आणि कठीणपणा यांचीही नोंद घ्यावी. तळ्यावर किंवा ओढ्यावर काम करायचे असेल, तर तळाच्या गाळाचा नमुना पाण्याच्या नमुन्याइतकाच महत्त्वाचा असतो. वर्षानुवर्षांचा धातू गाळात साठलेला असतो, आणि वरचे पाणी स्वच्छ केले तरी गाळ ते पुन्हा दूषित करत राहतो. मे महिन्यातला एक आणि पावसाळा ओसरल्यानंतरचा एक, असे किमान दोन हंगामांचे आकडे हाती असावेत.

कोणते पाणी या पद्धतीकडे आणू नये

तीन प्रकारची पाणी वनस्पतींच्या वाफ्यात सोडू नयेत. पहिले, तीव्र आम्लधर्मी किंवा धातूंनी गच्च भरलेले पाणी. त्यात मुळे काही दिवसांत काळी पडून सडतात. अशा पाण्यावर आधी चुन्याची प्रक्रिया करून धातूंचा साका खाली बसवावा. षट्संयुजी क्रोमियम असल्यास त्यापूर्वी आम्लधर्मी अवस्थेत सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचे त्रिसंयुजी रूप करून घ्यावे लागते. दुसरे, सायनाइड असलेले पाणी. त्याचे विघटन स्वतंत्रपणे, सामू उंच ठेवूनच झाले पाहिजे. सायनाइडच्या पाण्यात आम्लाचे पाणी मिसळल्यास प्राणघातक वायू निघतो, त्यामुळे दोन्हींच्या नळ्या कारखान्यातच वेगळ्या असाव्यात.

तिसरे पाणी पाऱ्याचे, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. वाफ्याच्या तळाशी प्राणवायू नसलेल्या थरात सल्फेटचे क्षपण करणारे, म्हणजे त्यातला प्राणवायू काढून घेणारे, जीवाणू राहतात. ते जो सल्फाइड तयार करतात त्याच्याशी शिसे, जस्त, निकेल आणि कॅडमियम संयोग पावून अविद्राव्य होतात, आणि ही या पद्धतीची मोठीच ताकद आहे. पण याच गटातले अनेक जीवाणू पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि मिथाइल पारा माशांच्या अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत जातो. जपानमधील मिनामाता येथे 1956 साली अधिकृतपणे नोंदला गेलेला आजार याच संयुगाचा होता. जे जीवाणू शिशासाठी उपकारक ठरतात तेच पाऱ्यासाठी घातक ठरतात, म्हणून पारा आढळल्यास ही पद्धत बाजूला ठेवून तज्ज्ञ संस्थेकडे जावे.

परवानगी आणि विल्हेवाट

पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा 1974 पासून लागू आहे, त्यामुळे कारखान्याच्या पाण्यावरील प्रक्रियेत बदल करण्यापूर्वी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी. सार्वजनिक तळे असेल, तर त्याशिवाय ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा ठरावही हवा. धातू साठलेली झाडे आणि गाळ 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येऊ शकतात. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची सामाईक विल्हेवाट केंद्रे आहेत. वाहतूक, नोंदणी आणि वजनामागचा दर आधीच विचारून घेतला, तर वाफा किती मोठा परवडेल हेही त्याच वेळी कळते.

वनस्पतींची निवड

जलपर्णी धातू शोषण्यात तरबेज आहे, तिची मुळे दाट व लांब असतात आणि ती विनासायास मिळते. तरीही उघड्या ओढ्यात किंवा नदीत ती मुद्दाम सोडणे हा अपराधच समजावा. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल हवामानात एकदोन आठवड्यांत दुप्पट होते आणि पाण्यातला प्राणवायू संपवते. चारही बाजूंनी बंद असलेल्या, सांडव्याला जाळी बसवलेल्या टाकीतच तिचा विचार करावा. पिस्टिया, लेम्ना आणि अझोला या तरंगत्या वनस्पतींनाही हाच नियम लागू आहे.

कायमच्या वाफ्यासाठी पाणकणीस, बोरूच्या जातीचे नळ गवत, कर्दळ आणि वाळा ही चार नावे पुरेशी आहेत. पाणकणीस आणि नळ यांच्या खोडांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो, थोडा बाहेर झिरपतो आणि मुळांभोवतीच्या विरघळलेल्या लोहाचा गंज होऊन तांबूस लेप बसतो. निकेल, शिसे आणि आर्सेनिक या लेपाला चिकटतात. उपटलेले मूळ तांबडे दिसले तर ते रोगट समजून टाकून देऊ नये. कर्दळ लवकर पसरते व शोभेचीही असते, त्यामुळे गावातल्या लोकांचा विरोध कमी होतो. वाळ्याची मुळे खोल जातात आणि तो उन्हाळ्याचा ताण सोसतो.

वाळ्याच्या बाबतीत एक धोका आपल्याकडेच आहे. उन्हाळ्यात माठात टाकायला, सरबताला आणि अत्तराला त्याची मुळे विकली जातात, आणि बहुतेक धातू तर मुळांतच साठतो. वाफ्यातला वाळा चोरीला जाऊन बाजारात पोहोचणे अगदी शक्य आहे. ज्या जागेवर कुंपण आणि राखण शक्य नाही तिथे वाळा लावू नये. हेच ब्राह्मी आणि वेखंड यांच्याबाबत. दोन्ही पाणथळ जागी उत्तम वाढतात, पण दोन्ही औषधी म्हणून घराघरांत जातात. अळू, शिंगाडा, कमळ आणि नाळीची भाजी यांची तर चर्चाच नको. रोपे स्वच्छ पाण्यावर वाढवलेल्या रोपवाटिकेतूनच आणावीत, म्हणजे सुरुवातीचा धातू शून्याजवळ धरून नंतरची वाढ मोजता येते.

वाफ्याचे आकारमान

उपपृष्ठीय वाफ्यात पाणी खडीच्या आतून वाहते, वर दिसत नाही, त्यामुळे डास होत नाहीत आणि जनावरे तिथे पाणी प्यायला येत नाहीत. नागपूरच्या नीरी या संस्थेने सांडपाण्यासाठी विकसित केलेले फायटोरिड तंत्रही याच जातीचे आहे.

आपल्या उदाहरणात रोजचे पाणी 5 घनमीटर आणि ते वाफ्यात 4 दिवस थांबावे अशी अपेक्षा, म्हणजे खडीच्या फटींत 20 घनमीटर पाणी मावले पाहिजे. खडीतली पोकळी साधारण 38 टक्के धरल्यास एकूण आकारमान सुमारे 53 घनमीटर होते, आणि खोली 60 सेंटिमीटर ठेवल्यास क्षेत्रफळ सुमारे 88 चौरस मीटर. जमिनीवर 18 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद असा चर आखावा, तळाला पाणी जाण्याच्या दिशेने शंभरात एक इतका उतार द्यावा आणि दगडगोटे वेचून वाळूचा पातळ थर पसरल्यावरच किमान 1 मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) कागद अंथरावा. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जमिनीतून पाणी सहज झिरपते, तिथे या कागदात काटकसर म्हणजे विहिरीत धातू सोडण्यासारखे आहे.

दोन्ही टोकांना अर्धा मीटर मोठा दगड आणि मध्ये 10 ते 20 मिलिमीटरची काळ्या दगडाची खडी भरावी. खडी धुऊन घ्यावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण भुकटी राहिली तर वर्षभरात वाफा तुंबतो आणि पाणी वरून वाहू लागते. बाहेर जाणाऱ्या नळीला फिरणारा कोपरा बसवावा, म्हणजे पातळी वरखाली करता येते. नेहमीची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली 5 ते 10 सेंटिमीटर असावी. चौरस मीटरला चार या हिशेबाने सुमारे 360 रोपे लागतील.

मुळांवरचे जीवाणू

मुळांभोवतीच्या मातीच्या अरुंद पट्ट्यासाठी ‘ऱ्हायझोस्फिअर’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी 1904 साली योजला. मुळे आपल्या अन्नाचा काही भाग शर्करा आणि आम्लांच्या रूपाने बाहेर सोडतात, आणि त्यावर जगणारे जीवाणू त्याची परतफेड अनेक मार्गांनी करतात. त्यांच्या पेशीभित्ती आणि चिकट वेष्टन धातूला धरून ठेवतात. काही जीवाणू षट्संयुजी क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी रूप करतात. धातूंच्या ताणाखाली झाडात वाढणारा एथिलीन हा वायुरूप संप्रेरक मुळांची वाढ खुंटवतो. त्याच्या पूर्वद्रव्याचे विघटन करणारे जीवाणू मुळांना वाढत ठेवतात, आणि मूळ वाढले तर गाळणी वाढली.

हे जीवाणू बाजारातून आणण्यापेक्षा जागेवरूनच घ्यावेत. दूषित ओढ्याच्या काठी वर्षानुवर्षे तग धरून असलेल्या पाणकणसाच्या मुळांना चिकटलेल्या चिखलात त्या धातूला सरावलेले जीवाणू आधीच असतात. सर्वांत साधा मार्ग असा: तो चिखल हातमोजे घालून गोळा करावा, क्लोरीन नसलेल्या पाण्यात कालवावा, गाळून घ्यावा आणि लागवडीपूर्वी रोपांची मुळे त्यात सावलीत अर्धा ते एक तास बुडवून ठेवावीत.

महाविद्यालयाची प्रयोगशाळा सोबत असेल तर निवडक जीवाणू वेगळे करता येतात. 1 ग्रॅम मूळमाती 9 मिलिलिटर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात ढवळून टप्प्याटप्प्याने दहापट विरल करावी आणि धातू मिसळलेल्या माध्यमावर 28 ते 30 अंश सेल्सिअसला 48 तास वाढवावी. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पेप्टोन (प्रथिनांपासून केलेले जीवाणूंचे खाद्य) किंवा फॉस्फेट भरपूर असलेले माध्यम वापरणे. त्यात धातू बांधला जातो किंवा त्याचा साका बसतो, आणि कोणताही जीवाणू धातुसहिष्णू भासतो. कमी फॉस्फेटचे, ट्रिसवर (सामू स्थिर ठेवणाऱ्या रसायनावर) आधारित माध्यम घ्यावे. निवडलेल्या जीवाणूची ओळख पटवल्याशिवाय तो बाहेर सोडू नये, कारण स्यूडोमोनास एरुजिनोसा किंवा बर्कहोल्डेरिया सेपेशिया यांसारखे मुळांवर आनंदाने राहणारे जीवाणू दुबळ्या प्रकृतीच्या माणसाला आजारी पाडतात. धातू सोसण्याची आणि प्रतिजैविके सोसण्याची जनुके अनेकदा एकाच प्लाझ्मिडवर (जीवाणूंमधल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) असतात, म्हणून प्रतिजैविकांची चाचणीही करावी. या कसोट्यांतून उतरलेला जीवाणू मिलिलिटरमागे 10 कोटी पेशींपर्यंत वाढवून त्याच्या द्रवात मुळे बुडवावीत.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. प्लेटिंगच्या पाण्यात धातू असतो, पण जीवाणूंना खायला काहीच नसते. सल्फेटचे क्षपण करणाऱ्या जीवाणूंना कार्बन लागतो आणि झाडांना नत्र व स्फुरद. कारखान्याच्या शौचालयातील सेप्टिक टाकीचे निवळलेले पाणी थोड्या प्रमाणात जोडणे हा स्वस्त उपाय आहे. ते नसल्यास गुळाचे पाणी अधूनमधून द्यावे. पाण्यात आर्सेनिक असल्यास स्फुरदाचे प्रमाण विचारपूर्वक ठेवावे, कारण आर्सेनेट आणि फॉस्फेट मुळांत एकाच वाटेने शिरतात आणि खत वाढवले की आर्सेनिकचे शोषण घटते.

पहिले दोन महिने

लागवडीनंतर पहिले दोन-तीन आठवडे वाफा साध्या पाण्यावर ठेवावा. नवी पालवी दिसल्यावर एक भाग दूषित आणि तीन भाग साधे पाणी, दहा दिवसांनी निम्मे-निम्मे, आणि त्यानंतरच्या दहा दिवसांनी पूर्ण दूषित पाणी असा क्रम ठेवावा. शिरांमधला भाग पिवळा पडणे हे निकेल किंवा जस्ताच्या विषबाधेचे नेहमीचे लक्षण आहे. ते दिसताच एक पायरी मागे यावे. लागवडीला योग्य काळ म्हणजे पावसाळ्याची सुरुवात किंवा ओसरता पावसाळा. एप्रिल-मेमध्ये रोपे लावू नयेत.

धातू नेमका कुठे जातो याचा हिशेब

वाफा चालू झाल्यावर महिन्यातून दोनदा आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याचे नमुने घ्यावेत आणि त्यासोबत दोन्हीकडचे प्रवाहही मोजावेत. उन्हाळ्यात झाडे खूप पाणी उडवतात. त्यामुळे बाहेरच्या पाण्यातले धातूचे प्रमाण वाढलेले दिसते, प्रत्यक्षात मात्र एकूण धातू घटलेला असतो. प्रमाण गुणिले रोजचे पाणी, असा ग्रॅममधला हिशेबच खरा.

आता झाडांची बाजू पाहू. वाफ्यात चौरस मीटरला मुळांसह 2 किलो सुकी वनस्पती आहे असे धरले, तर 90 चौरस मीटरमध्ये 180 किलो होते. तिच्यात किलोमागे सरासरी 500 मिलिग्रॅम निकेल साठले असे उदारपणे मानले, तरी एकूण साठा 90 ग्रॅम. पाण्यातून रोज 5 ग्रॅम निकेल येते, म्हणजे झाडांचा पूर्ण साठा 18 दिवसांच्या आवकेएवढाच. वाफा त्यानंतरही काम करत असेल, तर उरलेले निकेल मुळांवरच्या गंजात, खडीवरच्या जीवाणूंच्या थरात आणि तळाच्या सल्फाइडमध्ये जात असते. झाडांनी सगळे शोषले असे सांगणाऱ्या जाहिरातींपुढे हा साधा गुणाकार ठेवावा.

यातूनच देखभालीचा सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो: वाफा कधीही कोरडा पडू देऊ नये. हवा लागताच सल्फाइडचे पुन्हा सल्फेट होते, पाणी आम्लधर्मी बनते आणि महिनोन्‌महिने अडवलेला धातू एका आठवड्यात बाहेर पडतो. कारखान्याला दिवाळीची सुट्टी असली तरी साध्या पाण्याची धार चालू ठेवावी. उलट बाजूने, पावसाळ्यात वाफ्यात पुराचे पाणी शिरू नये म्हणून भोवती बांध आणि पावसाच्या पाण्यासाठी वेगळा चर असावा.

कापणी आणि त्यानंतर

पाने पिवळी पडून वाफ्यात गळण्याआधी, वर्षातून दोनदा, जमिनीवरचा भाग कापावा. बंद टाकीत जलपर्णी असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी सुमारे एक तृतीयांश झाडे मुळांसकट काढावीत. काढलेली झाडे ताडपत्रीवर, झिरपणारे पाणी पुन्हा वाफ्यातच जाईल अशा उतारावर वाळवावीत. जलपर्णीच्या वजनात नऊ दशांशांहून अधिक पाणीच असते, त्यामुळे वाळवल्यावर वाहतुकीचा खर्च बराच कमी होतो.

वाळलेली झाडे गुरांना घालू नयेत, त्यांचे खत करू नये, चुलीत घालू नयेत आणि शेतावर पेटवूनही देऊ नयेत, कारण कॅडमियम आणि आर्सेनिक धुराबरोबर उडतात. बायोगॅसमध्ये घातल्यास गॅस मिळतो, पण धातू मळीत उरतो आणि ती मळी शेतात जाण्याचा मोह टळत नाही. प्रत्येक कापणीतून मुळे व पाने वेगवेगळी तपासावीत, झिरप चाचणी (मालातून धातू किती सुटतो याची तपासणी) करून घ्यावी आणि तिच्या निकालानुसार माल विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा. वजन, तारीख आणि पावती एका वहीत ठेवावी.

वाफ्याच्या प्रवेशाकडची खडी सर्वांत आधी भरते. काही वर्षांनी बाहेरच्या पाण्यातले निकेल हळूहळू चढू लागले किंवा पाणी वर तुंबू लागले, तर आधी त्या टोकाची दोन-तीन मीटर खडी तपासावी. तेवढाच भाग पाण्याखाली असतानाच उपसून, ओल्याच अवस्थेत बंद पिंपांत भरून केंद्राकडे पाठवावा, तिथे धुतलेली नवी खडी भरावी आणि शेजारच्या रांगेतली जुनी, सरावलेली झाडे मुळांवरच्या चिखलासकट तिथे लावावीत.